१६१ टक्के

एप्रिलचा शेवटचा आठवडा. नॅशनल ५ चा, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेचा, गणिताचा पेपर तोंडावर आलेला आणि माझ्या वर्गातला एक मुलगा बाकावर डोकं टेकून गाढ झोपलेला. स्कॉटिश बॉर्डर्समधल्या छोट्या गावाची ही कौन्सिलची शाळा. निम्मी मुलं गावातली, निम्मी शेतांवरून बसने येणारी. याचा टाय खिशात, बोटं पिवळी-तपकिरी. सिगारेट, असं मी मनात ठरवूनच टाकलं.

टक्केवारीची उजळणी चालली होती. त्याला उठवलं आणि म्हटलं, "रोजच्या आयुष्यातलं एखादं उदाहरण दे."

डोळे चोळत म्हणाला, "आमचं लॅम्बिंग १६१ टक्के झालंय, मिस."

"शंभरातले १६१ कसे रे?" मी जरा खवचटपणेच विचारलं. शेतांकडची चार पोरं फिस्कन हसली. त्याला नाही, मला.

माझं माहेर फलटणचं. लहानपणापासून मेंढरं पाहिलेली, पण आमच्या दख्खनी मेंढीला बहुधा एका वेळी एकच कोकरू. इथे जुळी नेहमीची, तिळीही होतात. शंभर मेंढ्यांमागे किती कोकरं, ते म्हणजे लॅम्बिंगचे टक्के. मी खडू, म्हणजे मार्कर, त्याच्या हातात दिला.

त्याने लिहिलं: मेंढ्या ४००. हिवाळ्यातलं स्कॅन (गाभण मेंढ्यांच्या पोटातली कोकरं मोजणारं) १७५ टक्के, म्हणजे कोकरं ७००. हाती आली ६४४.

"मग तोटा किती टक्के?" मी वर्गाला विचारलं.

"चौदा!" पुढच्या बाकावरच्या हुशार मुली एका सुरात.

"आठ," तो म्हणाला. "गेली ५६, ती ७०० मधली." कॅल्क्युलेटर नाही, काही नाही. मूळ रक्कम कोणती धरायची, हे मी दोन आठवडे घसा कोरडा करून शिकवत होते.

मग कुणीतरी त्या छप्पन्न कोकरांचं विचारलं आणि गडी खुलला. कोकरू मेलं तर त्याचं कातडं सोलून पोरक्या कोकराच्या अंगावर चढवतात; मेंढी वास घेते आणि त्याला आपलं मानून पाजते. गावातल्या मुली "ईऽऽ" करून ओरडल्या. मी मात्र ऐकतच राहिले. रात्री दोनला गोठ्यातली फेरी त्याची असते, हेही तेव्हा कळलं. बोटांवरचा रंग आयोडीनचा होता, नुकत्याच जन्मलेल्या कोकरांच्या नाळेला लावायच्या.

पुढच्या वर्षी तेच गणित मी ऐटीत नव्या वर्गाला घातलं. आकडे बदलायचे म्हणून स्कॅन २६० टक्के केलं. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मिस, हे शेत कुठंय? बाबांना दाखवायचंय."