फाट कुठल्या बाजूला धावली?

नकाशावर भूकंप एक ठिपका दिसतो. प्रत्यक्षात भ्रंश, म्हणजे खडकातली लांबलचक भेग, एका जागी फाटायला लागतो आणि फाट साधारण सेकंदाला 2 ते 3 किमी वेगाने पुढे सरकते.

30 किमी लांबीचा भ्रंश घ्या. फाटीचा वेग सेकंदाला 2.5 किमी, एस लहरींचा (आधी पोचणाऱ्या पी लहरींमागून येणाऱ्या, खडक आडवे हलवणाऱ्या) 3.5. फाट ज्या दिशेने धावली तिकडच्या भूकंपमापन केंद्रावर एस लहरींचा स्पंद साडेतीन सेकंदांत आटोपतो. पाठीमागच्या केंद्रावर तोच वीस सेकंद रेंगाळतो. स्पंदाखालचं क्षेत्रफळ तेवढंच, म्हणून पुढच्या बाजूचा स्पंद आखूड पण उंच. सगळी केंद्रं एकाच बाजूला असतील तर दिशा काढण्याचं गणित फसलंच म्हणायचं.

वाटेतल्या खडकांचा परिणाम काढायला त्याच जागेचा, दीड-दोन मात्रेने लहान पश्चात्धक्का (मोठ्या भूकंपानंतरचा छोटा) घेऊन मोठ्याचा वर्णपट, म्हणजे कुठल्या वारंवारतेला किती हालचाल ते, त्याच्या वर्णपटाने भागतात. छेद शून्याजवळ गेला की उत्तर भडकतं, म्हणून त्याला किमान मर्यादा घालावी लागते. छोट्या धक्क्याची खोली वेगळी असेल तर आलेख देखणा, उत्तर चूक.

अशी नोंद नागपुरात घ्यायची तर: नागपूरहून जबलपूर सरळ रेषेत 240 किमी. मे 1997 सारख्या तिथल्या भूकंपात पी आणि एस लहरींमध्ये नागपुरात ढोबळ 30 सेकंदांचं अंतर पडतं. मात्र सेन्सर काळ्या मातीत नको! ती उन्हात भेगाळते, पावसात फुगते, सेन्सर कलतो आणि दीर्घ आवर्तनाची (सावकाश हेलकाव्यांची) नोंद बिघडते. शहराच्या पश्चिमेला बेसाल्ट, पूर्वेला ग्नाइस. खडक लागेपर्यंत खणा.