अंकावरची १४ तारीख

तपासणीला आलेल्या मजकुरात एका रेल्वे अपघातातल्या जखमींचा आकडा ३४० होता. तळटीप एका नावाजलेल्या वृत्तसाप्ताहिकाची, अंक १४ तारखेचा. १२ तारखेच्या दैनिकात मात्र २९०. लेखकाचं म्हणणं, साप्ताहिक दोन दिवस नंतरचं, शिवाय सवडीनं लिहिलेलं, तेव्हा सुधारलेला आकडा तोच. पटण्यासारखं होतं.

ग्रंथालयातून मूळ अंक काढला आणि पहिल्याच पानावर आवक-शिक्का दिसला: ८ तारीख. अनेक साप्ताहिकं अंकावर पुढची तारीख टाकतात, म्हणजे तो आठवडाभर शिळा वाटत नाही. मजकूर छपाईला जातो त्याच्याही आधी. लेखातही ‘ढिगारा उपसण्याचं काम सुरू आहे’ असं वर्तमानकाळात होतं; दैनिकांनुसार ते काम ७ तारखेच्या रात्रीच आटोपलं होतं. म्हणजे ‘नंतरचा’ आकडा प्रत्यक्षात पाच-सहा दिवसांनी जुना.

मग ते वाक्य नीट वाचलं. ‘सुमारे ३४० जण जखमी झाल्याचं सांगितलं जातं.’ कोण सांगतं? पत्ता नाही. हेच वाक्य शब्दशः आणखी दोन नियतकालिकांत सापडलं, त्यातल्या एकात खाली वृत्तसंस्थेची आद्याक्षरं. म्हणजे तिघांनी एकाच वृत्तसंस्थेची बातमी उचललेली; लेखकानं जे तीन संदर्भ म्हणून दाखवले होते, तो प्रत्यक्षात एकच होता. आणि लेखकाच्या मजकुरात ‘सुमारे’ही गळालं होतं, ‘सांगितलं जातं’ही. ही चूक साप्ताहिकाची नव्हे.

पुढचे चार अंकही चाळले. दुरुस्ती सहसा वाचकांच्या पत्रांच्या पानावर, कोपऱ्यात, बारीक टायपात असते. तिसऱ्या अंकात दोन ओळी मिळाल्या, पण त्या गाडीच्या क्रमांकाबद्दल. ऑनलाइन प्रतीत तो क्रमांक गुपचूप बदललेला होता, खुलासा नाही. म्हणून छापील पानच बघावं लागतं.

एवढ्यावरून साप्ताहिक बाद करायचं का? मुळीच नाही. त्याच लेखात बातमीदारानं सिग्नल केबिनमधल्या कर्मचाऱ्याशी स्वतः बोलून घेतलेला जबाब होता, नाव-हुद्द्यासकट, आणि पुढं चौकशी अहवालातल्या वेळा त्याच्याशी जुळल्या. तो भाग ठेवला. उलट जिथं बातमीदार एकटाच साक्षीदार, नावं अर्धवट आणि संवाद फारच रेखीव, तिथं नियतकालिकाच्या लौकिकावर विसंबू नये. जर्मनीच्या ‘डेर श्पीगल’ या साप्ताहिकाकडं मोठा तपासणी विभाग होता, तरी त्याच्याच बातमीदाराचे, क्लास रेलोटियसचे, बनावट वृत्तान्त छापले गेले, ते डिसेंबर २०१८मध्ये उघड झालं. टेबलावर बसून तारीख, अंतर, हुद्दा तपासता येतो. माणूस खरंच भेटला का, हे तपासणं फार अवघड.

शेवटी मजकुरात २९० गेला, १२ तारखेच्या दैनिकाच्या आणि त्यात उद्धृत केलेल्या रुग्णालयाच्या यादीच्या आधारावर. साप्ताहिकाची तळटीप जबाबाखाली सरकली, पान क्रमांकासह आणि कंसात: ‘अंक १४ तारखेचा, आवक ८ तारखेची’.