लायपेजला तेलकट मणी द्या, निम्मं शुद्धीकरण तेच करतील

लायपेज, म्हणजे तेल-चरबी तोडणारं एन्झाइम, शुद्ध करायचं म्हटलं की ठरलेली वारी सुरू होते: अमोनियम सल्फेट (प्रथिनं साक्यात उतरवायला), डायलिसिस (मीठ काढायला), आयन एक्स्चेंज (विद्युतभारावरून वेगळं करायला), जेल फिल्ट्रेशन (आकारावरून वेगळं करायला). शेवटी तपासणीच्या जेलवर एकच बँड, म्हणजे एकच प्रथिन, दिसला की सगळे खूश. प्रबंधासाठी ते ठीक. पण प्रत्येक टप्प्याला ७० टक्के अ‍ॅक्टिव्हिटी (एन्झाइमची काम करण्याची ताकद) हाती लागली, आणि ही कामगिरी वाईट नाही, तरी तीन टप्प्यांनंतर ३४ टक्केच उरते. एस्टर बनवणाऱ्या कारखान्याला एकच बँड नको असतो. सोबत प्रोटिएज (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) आलेलं नसावं आणि युनिटमागे (ताकद मोजण्याच्या एककामागे) खर्च कमी यावा, एवढंच त्याचं मागणं.

बहुतेक लायपेजच्या अ‍ॅक्टिव्ह साइटवर (जिथे तेल तुटतं त्या जागेवर) एक झाकण असतं. पाण्यात ते मिटलेलं राहतं. तेलाचा थेंब समोर आला की उघडतं आणि आतला पाण्याला नको असलेला भाग तेलाला जाऊन चिकटतो. ऑक्टाइल-अ‍ॅगारोजचा (तेलकट साखळ्या जोडलेल्या जेलचा) मणी लायपेजला असा थेंबच वाटतो. ५ ते १० मिलीमोलर फॉस्फेट, पीएच ७, म्हणजे मीठ अगदी कमी ठेवलं, तर ब्रॉथमधली (जंतू वाढवलेल्या द्रवातली) बाकीची प्रथिनं या मण्याकडे फारशी फिरकत नाहीत. शुद्ध करणं आणि एन्झाइम मण्यांवर बसवणं एकाच भांड्यात उरकतं. कॅन्डिडा अंटार्क्टिकाच्या बी लायपेजचं झाकण नावापुरतंच, तरी तेही तेलकट पृष्ठभागावर छान बसतं. नोव्होझाइम ४३५ म्हणजे हेच लायपेज, अ‍ॅक्रिलिक रेझिनवर नुसतं अ‍ॅड्सॉर्ब केलेलं, म्हणजे पृष्ठभागावर चिकटवलेलं.

खरी कटकट आधीच्या टप्प्यात आहे. लायपेज जास्त निघावं म्हणून जंतू वाढवायच्या माध्यमात ऑलिव्ह ऑइल घातलं असेल, तर ४ अंशांवर सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जी ला (गुरुत्वाकर्षणाच्या इतक्या पट जोराने) २० मिनिटं फिरवल्यावर नळीत वर पांढुरकी साय दिसते. बरंचसं लायपेज त्या सायीतच अडकलेलं असतं. ती तशीच पुढे गेली तर तेल मण्यांवर बसतं आणि एन्झाइमला जागा उरत नाही. मधला थर पिपेटने खालून काढा आणि साय फेकण्याआधी तिची अ‍ॅक्टिव्हिटी एकदा मोजा. आकडा पाहून पुढच्या वेळी तेल आपोआप कमी घालाल.

ब्रॉथ फार पातळ असेल तरच अमोनियम सल्फेट. ० अंशांवर १०० मिलीला ५१.६ ग्रॅम म्हणजे ८० टक्के सॅच्युरेशन. मीठ कुटून, अर्ध्या तासात थोडंथोडं घाला. फेस येऊ देऊ नका, कारण फेसाच्या पृष्ठभागावर प्रथिनं उलगडून वाया जातात. चरबी राहिली असेल तर साका तळाला न बसता वर तरंगतो. सवयीने वरचं पाणी ओतून दिलं की माल मोरीत.

डायलिसिसनंतर सल्फेट गेलं का, हे बेरियम क्लोराइडने बघतात. फॉस्फेट बफरमध्ये ही चाचणी फसवते, कारण बेरियम फॉस्फेटही पांढरंच. दोन थेंब हायड्रोक्लोरिक आम्ल आधी टाका. तरीही गढूळ झालं तर सल्फेट आहे. मीठ राहिलं की इतर प्रथिनंही मण्याला चिकटू लागतात. शिवाय पुढे एन्झाइम मण्याला पक्कं बांधायला ग्लुटरल्डिहाइड वापरणार असाल तर अमोनिया ते खाऊन टाकतो. ट्रिस बफरही याच कारणाने नको.

आता बसवणं. १ ग्रॅम ओल्या मण्यांना १० मिली द्रावण, खोलीच्या तापमानाला, तास-दोन तास हळू फिरवत. मॅग्नेटिक स्टरर नको, तो मणी दळतो. कोरडे मेथाक्रिलेट (प्लास्टिकचे) मणी असतील तर आधी इथेनॉलमध्ये भिजवून पाण्याने धुवा. छिद्रांत हवा अडकली असेल तर एन्झाइम आत शिरत नाही. बाजूला मणी न घातलेली एक नळी तशीच फिरवत ठेवा. त्याशिवाय अ‍ॅक्टिव्हिटी मण्यावर गेली की नुसती मेली, ते कळत नाही.

हिशेबातही गफलत होते. १००० युनिट दिले, वरच्या पाण्यात ५० उरले, म्हणून ९५ टक्के बसलं असं लिहून मोकळे होतात. मण्यांवर प्रत्यक्ष मोजले तर ४०० भरतात. उरलेले ५५० कुठे गेले? मूठभर मणी कुटून पुन्हा मोजा. आकडा चढला तर एन्झाइम जिवंत आहे, तेलच आतवर पोचत नाही. मग मण्यांवरचा एन्झाइमचा भार कमी करा किंवा बारीक मणी घ्या. पॅरा-नायट्रोफिनाइल पाल्मिटेटने (लायपेजने तोडलं की पिवळा रंग देणाऱ्या रसायनाने) ४१० नॅनोमीटरवर मोजत असाल तर पीएच ८ च्या आसपास ठेवा. ७ च्या खाली पिवळा रंगच फिका पडतो.

अ‍ॅगारोज मऊ आणि महाग, उंच कॉलममध्ये दबतं, म्हणून कारखान्यात मेथाक्रिलेट. अल्जिनेट (कॅल्शियमने गोठणारं समुद्री शेवाळातलं द्रव्य) स्वस्त म्हणून मोह होतो, पण फॉस्फेट बफर कॅल्शियम ओढून घेतो आणि गोळ्या विरघळतात. बायोडिझेल बनवताना मिथेनॉल एकदम ओतलं तर एन्झाइम निकामी होतं. एकूण लागणारं मिथेनॉल तीन हप्त्यांत द्या.

कोरड्या द्रावकात लायपेज विरघळतच नाही, त्यामुळे मण्यावरून सुटत नाही. पाणी आणि डिटर्जंट आले की सुटतं. तपासायचं तर तेलाचं विघटन अर्ध्यावर आलं की मणी गाळून काढा आणि गाळलेलं द्रव त्याच तापमानाला ढवळत ठेवा. आम्लांक (तेल तुटून सुटलेल्या आम्लाचं माप) चढतच राहिला तर काम मणी करत नव्हते, सुटलेलं एन्झाइम करत होतं.