अण्णांसाठी बटणवाला ई-रीडर शोधताना

आमचे अण्णा इचलकरंजीत ३८ वर्षं मागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे कारागीर, होते. रिटायर झाल्यावर वाचनालयातली पुस्तकं फडशा पाडल्यासारखी वाचायचे, पण शुगरमुळे डोळ्याच्या पडद्याला सूज आली आणि छापील अक्षर दिसेना. भिंग घेऊन वाचायला लागले की दहा मिनिटांत मान धरायची. मी पुण्याहून मोठ्या हौशीने एक ई-रीडर, म्हणजे फक्त पुस्तकं वाचायचं छोटं मशीन, घेऊन गेले, म्हटलं फॉन्ट पाहिजे तेवढा मोठा करता येतो, प्रश्न मिटला.

कसला मिटतोय. अक्षर मस्त दिसलं त्यांना, पण पान काही पुढे जाईना. एकदा टॅप केलं, दोनदा केलं, तिसऱ्यांदा जोरात दाबलं. "अगं हे माझं ऐकंना की! तू हात लावलास की बरं पळतंय." मला वाटलं पीस डिफेक्टिव्ह आहे, पण आईने केलं तरी चालत होतं, फक्त अण्णांचंच चालत नव्हतं. मग त्यांचा हात हातात घेऊन नीट बघितला. अंगठा आणि दोन बोटांची टोकं घट्टे पडून पार कोरडी ठणठणीत झालेली, आयुष्यभर सूत, तेल आणि पाना. हल्लीच्या टचस्क्रीनला बोटातून थोडी वीज वाहावी लागते म्हणे, कातडी जाड आणि सुकी असली की स्क्रीनला बोट आलंय हेच कळत नाही.

आणि जेव्हा कळायचं तेव्हा भलतंच व्हायचं. जोरात दाबून धरलं की शब्द सिलेक्ट होतो, वरच्या बाजूला लागलं की मेन्यू येतो, डावीकडे लागलं की पान मागे. पंधरा दिवसांनी मी गेले तेव्हा त्या पुस्तकात साठेक हायलाइट सापडले. 'आणि', 'मग', 'तो', 'होती'. कुठलाही विद्यार्थी परीक्षेसाठी एवढ्या खुणा करत नसेल! अण्णांनी मात्र ते बंद करून टीव्हीखाली ठेवून दिलेलं.

मग माझे प्रयोग सुरू झाले. आधी व्हॅसलीन. बोट चालायला लागलं पण स्क्रीन अशी तेलकट झाली की दिव्याखाली अक्षरापेक्षा डागच जास्त दिसायचे. मग रबरी टोकाचा स्टायलस, तो चालला, पण अण्णा वाचतात आडवे पडून, एका हातात मशीन नि दुसऱ्या हातात पेन धरून छातीवर किती वेळ तोलणार. मग ऑनलाइन एक क्लिप मिळाली, स्क्रीनच्या कडेला चिमट्यासारखी लावायची आणि हातातलं छोटं रिमोट दाबलं की क्लिप स्वतःच स्क्रीनला टॅप देते. आयडिया भारी आहे, ज्यांना मशीन स्टँडवर ठेवून वाचायचंय त्यांनी जरूर घ्या. आमच्याकडे ती क्लिप ओळींची शेवटची अक्षरं झाकायची, शिवाय क्लिप वेगळी चार्ज करा, रिमोट वेगळं करा, आणि ते रिमोट दर दोन दिवसांनी गोधडीच्या घडीत हरवणार.

या सगळ्यात एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. अण्णांच्या साइजला फॉन्ट केला की एका स्क्रीनवर जेमतेम ५० शब्द बसतात, मी मोजले. म्हणजे ५०,००० शब्दांचं साधं पुस्तक वाचायला हजार वेळा पान उलटायचं! तुम्ही-आम्ही बारीक अक्षरात वाचतो तेव्हा बटण असो नाहीतर टच, फार फरक पडत नाही, पण ज्याची नजर अधू त्यालाच सगळ्यात जास्त वेळा पान उलटावं लागतं, आणि बहुतेक वेळा त्याचाच हात थरथरत असतो किंवा बोटं गेलेली असतात. बटणं ही शौकिनांची चैन म्हणून महागड्या मॉडेलला लावतात हे मला तेव्हापासून पटतच नाही.

२००७ सालच्या पहिल्या किंडलला, म्हणजे अॅमेझॉनच्या ई-रीडरला, दोन्ही कडांना पान उलटायच्या लांब पट्ट्या होत्या. २०११ ला टच आला तोही इन्फ्रारेडवाला, म्हणजे कडेने अदृश्य किरणं आणि मध्ये काहीही आलं, अगदी पेन्सिल आली तरी चालायचं. अण्णांची बोटं त्यावर धावली असती. २०१२ च्या पेपरव्हाइट या किंडलच्या मॉडेलपासून आत्ताचा, बोटातल्या विजेवर चालणारा टच आला आणि बटणं मागे पडत गेली. किंडलच्याच ओएसिस मॉडेलला होती, पण २०२४ मध्ये ते मॉडेल पण बंद झालं. कोबो या दुसऱ्या कंपनीच्या लिब्राला आहेत अजून, पण मला अण्णांची मराठी पुस्तकं आधीच किंडलच्या खात्यावर घेतलेली सोडायची नव्हती. किंडलवर मराठी अधिकृतपणे २०१६ च्या डिसेंबरात आलं, म्हणून त्याच्या आधीचं स्वस्तातलं जुनं बटणवालं मॉडेल घ्यायची पण हिंमत झाली नाही.

शेवटी दोन महिने सेकंडहँड बाजार धुंडाळून सात इंची ओएसिस मिळाली. घेताना मी विकणाऱ्याच्या दारातच उभी राहून पन्नास-साठ पानं बटणाने उलटून बघितली, तो बिचारा बघतच राहिला. तुम्ही घेणार असाल तर हे कराच, दोन्ही बटणं दाबून बघा आणि दोन्ही हातांत धरून बघा, उलटी केली की स्क्रीन आपोआप फिरते. वजन दोनशे ग्रॅमच्या आत आहे आणि एक बाजू जाड असल्यामुळे पकड बसते. सेटिंगमध्ये कुठलं बटण पुढे नेणार ते बदलता येतं, आणि पुस्तक उघडं असताना टचस्क्रीन बंद करायची सोय आहे ती मी पहिल्याच दिवशी वापरली.

अण्णांनी बटण दाबलं, टक् झालं, पान उलटलं. परत दाबलं. "हां, हे कळतंय," एवढंच म्हणाले आणि वाचायला लागले. आम्ही तिथे बसलोय हे विसरले असावेत, कारण चहा दोनदा गरम करावा लागला.

आता भांडण फक्त चार्जिंगचं आहे. याला जुनी मायक्रो यूएसबी पिन लागते, ती सरळच बाजूने घालावी लागते आणि अण्णांना सरळ बाजू दिसत नाही. मग त्यांनी आईकडून लाल नेलपॉलिश मागून पिनवर एक ठिपका मारलाय आणि मशीनच्या खाचेजवळ दुसरा. ठिपक्याला ठिपका लावायचा. टचवालं आता आई वापरते, ते हायलाइट अजून आहेत त्यात.