बुलडोझर येण्याआधी

दक्षिण आयोवातील एका ग्रामीण काउंटीत मी मृदा व जलसंधारण जिल्ह्याचा, म्हणजे माती-पाणी जपण्याचे काम करणाऱ्या स्थानिक सरकारी संस्थेचा, तंत्रज्ञ म्हणून काम करतो. आमचे कार्यालय अमेरिकेच्या कृषी विभागाच्या सेवा केंद्रातच आहे. त्यामुळे कोणती योजना कोणत्या टेबलावर मिळते, हे सांगण्यात बराच वेळ जातो.

मार्चमधल्या एका शुक्रवारी सत्तरीच्या एक बाई आल्या. पतीच्या निधनानंतर जमीन त्यांच्याकडे आली होती, शेजारी ती खंडाने कसत होता आणि उतारावर दर वसंतात घळ पडत होती. अनुदान मिळवून देतो म्हणून फोनवर कुणीतरी त्यांच्याकडे पैसे मागितले होते. इथे अर्जाला फी नसते, हे ऐकून त्यांना हायसे वाटले. मग त्या सहज म्हणाल्या, "सोमवारी बुलडोझरवाला येतो आहे. नंतर पावती आणून दिली तर चालेल ना?"

चालणार नव्हते. मंजुरीआधी काम सुरू केले की त्या कामाचे साहाय्य बहुधा हातचे जाते, आणि ही अट लोकांना फार उशिरा कळते. मी त्यांना तिथूनच ठेकेदाराला फोन करायला लावला. तो वैतागला, पण थांबला.

मग फार्म नंबर, म्हणजे कृषी विभागाकडचा त्या शेताचा नोंद क्रमांक, काढला. आपल्या सातबाऱ्यासारखा तो मालकीचा उतारा नसतो, पण कोणत्या तुकड्यात लागवडीची जमीन किती, हे त्यावरून कळते. नोंद अजून पतीच्याच नावे होती. घळीच्या जागी रुंद, उथळ गवती जलमार्ग करायचा, तर सीआरपी (कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्राम) ही 1985 च्या कृषी कायद्यातून आलेली, जमीन पिकातून काढून गवताखाली वा झाडांखाली ठेवण्याची योजना योग्य होती. तिच्यात त्या पट्ट्याचे वार्षिक भाडे सरकारकडून 10 ते 15 वर्षे मिळते. तिच्यासाठी जमीन 2012 ते 2017 या सहापैकी किमान चार वर्षे पिकाखाली असावी लागते, आणि ती होती. मालकी किमान वर्षभराची हवी, हे वाचून बाई खचल्या. परंतु मालकाच्या मृत्यूमुळे वारसाने आलेल्या जमिनीला ही अट लागू होत नाही.

दुपारी आम्ही शेतावर गेलो. कसणारा शेजारी आधीच नाराज होता, कारण जलमार्गामुळे पट्टा पिकातून जाणार आणि यंत्र वळवावे लागणार होते. दर वर्षी नांगरून घळ बुजवतो, मग अडचण कुठे आहे, असे त्याचे म्हणणे. मी त्याला काठाची माती दाखवली: बुजवण्यासाठी दोन्ही बाजूंची सुपीक माती घळीत ओढली जाते आणि पुढच्या पावसात तीच वाहून जाते, त्यामुळे काठ वर्षागणिक पातळ होत होते. तो बराच वेळ काही बोलला नाही. अखेर पट्ट्यापुरता खंड कमी करायला बाई तयार झाल्या, तेव्हा तोही राजी झाला. माझ्या मते त्या दिवसाचे खरे काम तिथे झाले.

उरलेल्या उतारावर आच्छादन पीक घेण्यासाठी त्याने पुढे स्वतःच्या नावाने इक्विप या, कसत्या जमिनीवरील संधारणाच्या कामांना साहाय्य देणाऱ्या योजनेत अर्ज केला. करारापुरता जमिनीचा ताबा दाखवता आला, तर कसणाऱ्यालाही तो करता येतो. बाईंचा करार झाला. इक्विपमध्ये मात्र अर्जांची गुणानुक्रमे निवड होते, आणि शेजाऱ्याचा क्रमांक त्या वर्षी लागला नाही.