ओठावर ताप फुटू नये म्हणून : छीगोंगच्या सरावाची टिपणं

सोमवार

परीक्षेचा शेवटचा पेपर, लग्नघरातली धावपळ, मार्चअखेरचे हिशेब, आजारी माणसाच्या उशाशी काढलेल्या रात्री. ओठाच्या कडेला ताप फुटतो तो बहुधा अशाच दिवसांच्या शेवटी. फोड आज दिसला तरी त्याची तयारी आधीच्या आठवड्यात झालेली असते. ताई ची किंवा छीगोंग या संथ हालचालींच्या आणि श्वासाच्या चिनी व्यायामांचा काही उपयोग व्हायचा असेल तर तो त्या आधीच्या दिवसांत. फोड आल्यावर कितीही हात फिरवले तरी तो बसत नाही. एवढं पक्कं ठरलं की सराव केव्हा, किती आणि कसा करायचा याची उत्तरं सोपी होतात.

मूळ कारण हर्पिस सिम्प्लेक्स प्रकार १ हा विषाणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पन्नाशीच्या आतल्या जवळजवळ दोन तृतीयांश लोकांच्या शरीरात तो आहे. बहुतेकांना तो लहानपणीच मिळतो, कुणीतरी लाडाने घेतलेल्या पापीतून. एकदा शिरला की चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूच्या गाठीत, कवटीच्या तळाशी, तो जन्मभर निपचित पडून राहतो. त्याला तिथेच दाबून ठेवण्याचं काम पांढऱ्या पेशींतल्या टी पेशी करतात. त्यांची पकड सैल झाली की विषाणू मज्जातंतूवाटे ओठापर्यंत उतरतो.

पकड सैल होते कशाने? ताप, कडक ऊन, पाळी, दाताचं काम, ओठाला लागलेला मार, जागरण आणि ताण. ओहायो स्टेट विद्यापीठात रोनाल्ड ग्लेझर आणि जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांनी १९८०च्या दशकात वैद्यकीच्या विद्यार्थ्यांचं रक्त परीक्षेच्या काळात तपासलं. हर्पिस कुळातल्या विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडं तेव्हा वाढलेली दिसली, म्हणजे ते विषाणू पुन्हा जागे होत होते आणि शरीराचा त्यांच्यावरचा ताबा सुटत चालला होता. १९९९ सालच्या आणखी एका अमेरिकी अभ्यासात जननेंद्रियांच्या हर्पिसचा त्रास असलेल्या बायकांकडे पाहिलं गेलं. तिथे एखाद्या दिवसाच्या कटकटीने फोड उठत नव्हते, आठवड्याहून जास्त रेंगाळणाऱ्या ताणाने उठत होते. मला ही बाब फार मोलाची वाटते. रोजचा राग-लोभ टाळता येत नाही, पण तो दहा दिवस अंगात मुरू न देणं बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं.

मंगळवार

ताई चीचा विषाणूंशी थेट संबंध तपासणारं सगळ्यात भक्कम काम नागिणीच्या विषाणूवर झालं आहे. नागीण आणि ओठावरचा ताप यांचे विषाणू एकाच कुळातले, पण वेगळे. म्हणून त्या कामातून मिळतो तो आधार आहे, ओठावरच्या तापाचा पुरावा नव्हे. हा फरक सांगितल्याशिवाय पुढचं सांगू नये.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल अर्विन यांनी ५९ ते ८६ वयाच्या ११२ निरोगी माणसांचे दोन गट केले. एका गटाने १६ आठवडे ताई ची चिह हा ताई चीतून निघालेला प्रकार केला, दुसऱ्याने आरोग्यावरची व्याख्यानं ऐकली. त्यानंतर दोन्ही गटांना कांजिण्यांची लस दिली, कारण कांजिण्या आणि नागीण एकाच विषाणूने होतात. २००७ साली आलेल्या निष्कर्षाप्रमाणे लस टोचण्याआधीच ताई चीच्या गटात नागिणीच्या विषाणूविरुद्धची पेशींची ताकद वाढलेली होती, आणि ती वाढ लसीने होणाऱ्या वाढीच्या तोडीची होती. लस दिल्यावर दोन्हींचा परिणाम एकात एक मिळाला.

यातून सरावासाठी घ्यायचं ते एवढंच : मोजणी आठवड्यांची आहे, दिवसांची नव्हे. ताई ची चिहही फार सोपं आहे. जस्टिन स्टोन यांनी १९७४मध्ये अमेरिकेत बसवलेल्या १९ हालचाली आणि एक स्थिर मुद्रा, लढाईचा अंश नाही. परिणामासाठी अवघड रचना लागत नाही याची ही साक्ष समजावी.

गुरुवार

घरी एकट्याने करायला माझी पसंती बादुआनजिनला. आठ हालचालींचा हा जुना चिनी छीगोंग. २००३ साली चीनच्या क्रीडा प्रशासनाने त्याची प्रमाण आवृत्ती काढली. तिला बारा-तेरा मिनिटं पुरतात आणि एका चटईएवढी जागा लागते. २४ हालचालींचं ताई ची (१९५६ साली बसवलेलं) सहा मिनिटांत होतं खरं, पण पावलं टाकत जायला खोली लागते आणि क्रम पाठ होईपर्यंतच डोक्याला ताण होतो. ताण उतरवायला निघालेल्या माणसाने सुरुवात तिथून करू नये.

आधी तीन मिनिटं नुसतं उभं राहणं. पावलं खांद्यांइतकी लांब, बोटं सरळ पुढे, गुडघे कुलूप लावल्यासारखे ताठ नकोत आणि खुर्चीत बसल्यासारखे वाकलेलेही नकोत. हात छातीसमोर गोल, कोपरं मनगटांच्या खाली. दुसऱ्याच मिनिटाला खांदे कानांकडे चढायला लागतात. त्यांना जबरदस्तीने खाली ओढलं तर मान आखडते. त्यापेक्षा श्वास सोडताना कोपरं जड झाली असं मनात आणावं, खांदे आपसूक उतरतात. जीभ टाळूला हलकी टेकलेली, दातांवर दात दाबलेले नाहीत, ओठ नुसते मिटलेले.

ओठ मिटलेले असण्याला इथे दुहेरी कारण आहे. नाकाने घेतलेला श्वास आपोआप संथ होतो. आणि तोंडाने श्वास घेणाऱ्याचे ओठ सुकतात, तो ते चाटत राहतो, कडा फुटतात. फुटलेला ओठ विषाणूला आयता मिळतो.

मग पहिली हालचाल, दोन्ही हातांनी आकाश उचलणं. ओटीपोटासमोर बोटं एकमेकांत गुंफायची, तळवे वर. श्वास घेत हात छातीपर्यंत आणायचे, तिथे तळवे उलटवून डोक्यावर ढकलायचे, नजर हातांमागे. वर पोचल्यावर हनुवटी आत घेऊन क्षणभर ताणून धरायचं, आणि श्वास सोडत हात दोन्ही बाजूंनी खाली. असं सहा वेळा. बहुतेक जण चुकतात ते ताणून धरताना, श्वास कोंडून. चेहरा लाल होतो, जबडा आवळला जातो. तसं झालं तर हात थोडे खाली आणावेत, उंचीसाठी गुण नाहीत.

धनुष्य ओढणं, एक हात वर एक खाली आणि मागे वळून पाहणं या पुढच्या तीन हालचाली सरळ आहेत. पाचवी अवघड. पावलं रुंद करून, हात मांड्यांवर ठेवून धड एका बाजूला झुकवायचं आणि मागून गोल फिरवायचं. नवखा माणूस फक्त डोकं गरगर फिरवतो आणि त्याला भोवळ येते. फिरवायचं ते माकडहाडापासून, डोकं मागोमाग येतं. चिनी नावात ही हालचाल हृदयातली आग काढणारी आहे. ओठावरच्या फोडांना तिकडचं जुनं वैद्यक उष्णतेचाच विकार मानतं. आपल्या आज्जीचंही निदान तेच असायचं, त्यामुळे मराठी माणसाला हे परकं वाटू नये.

सहावीत पुढे वाकून हात पायांवरून खाली न्यायचे असतात. रक्तदाब जास्त असेल किंवा काचबिंदू असेल तर डोकं कंबरेखाली जाऊ देऊ नये, गुडघ्यापर्यंतच थांबावं. सातवीत मुठी आवळून नजर रोखायची, मात्र दिवस भांडणातंट्यात गेला असेल तर मी ती मऊच करायला सांगेन. आठवी टाचा उचलून सात वेळा सोडणं. हाडं ठिसूळ असतील तर टाचा आपटू नयेत, टेकवाव्यात.

ताई ची करणाऱ्यांसाठी एकच सूचना, पण कळीची. वळताना पाऊल जमिनीवर रुतलेलं ठेवून कंबर फिरवली की पीळ गुडघ्यात उतरतो. आधी भार मागच्या पायावर, मग पुढच्या पावलाचा चवडा वळवणं, मग त्यावर भार, हा क्रम मोडू नये. गुडघा दुखू लागला की सराव सुटतो, आणि महिनाभर सुटलेल्या सरावाकडून ओठाने काय अपेक्षा ठेवावी?

शुक्रवार

किती करावं? रोज वीस मिनिटं, आठवड्याचे किमान पाच दिवस, निदान चार महिने. रविवारी दोन तास आणि बाकी दिवस काही नाही, याने ताण मुरायचा तो मुरतोच. सराव झाल्यावर अंगात हलकी ऊब आणि दोन वाक्यं सहज बोलता येतील इतका श्वास राहिला पाहिजे. घाम निथळला, मांड्या थरथरल्या तर ते जास्त झालं. अतिश्रम हेही ताप फुटण्याचं एक निमित्त आहे.

ज्यांची झोप बिघडलेली असते त्यांनी यातला मोठा भाग संध्याकाळी करावा, जेवणाआधी किंवा जेवणानंतर दीडेक तासाने. अर्विन यांच्याच गटाने २०१७ साली स्तनाच्या कर्करोगातून बाहेर पडलेल्या ९० बायकांमध्ये निद्रानाशासाठी ताई ची तपासलं, तेव्हा ते त्यासाठीच्या मानसोपचाराच्या बरोबरीला उतरलं.

सकाळी बागेत करणाऱ्यांनी उन्हाचं भान ठेवावं, कारण इथे चांगल्या सवयीतूनच अपाय होतो. १९९१ सालच्या एका प्रयोगात ३८ जणांच्या ओठांवर कृत्रिम अतिनील किरण सोडले होते. नुसतं बिनऔषधी मलम लावलं तेव्हा २७ जणांना फोड आले, सनस्क्रीन लावलं तेव्हा एकालाही नाही. इतका स्वच्छ निकाल क्वचित मिळतो. उगवतीकडे तोंड करून हळूहळू हात फिरवत तासभर उभं राहणाऱ्यांनी ओठांना ३० किंवा जास्त एसपीएफचा लिप बाम लावावा, नाहीतर सावली धरावी. एप्रिल-मेमध्ये नागपूर, जळगावकडे तर सूर्य वर यायच्या आत आटपलेलं बरं.

रविवार

आता चुणचुण सुरू झाली तर. ओठाच्या एकाच जागी मुंग्या, खाज, ताणल्यासारखं वाटणं. फोड दिसायला अजून काही तास ते एखादा दिवस असतो. ही वेळ औषधाची आहे. असायक्लोव्हिरसारखी औषधं विषाणूची वाढ थांबवतात, ती याच तासांत सुरू झाली तर उपयोगी. वारंवार फोड येणाऱ्याने डॉक्टरांकडून आधीच चिठ्ठी घेऊन औषध घरात ठेवावं. छीगोंग त्या औषधाच्या जागी नाही, त्याच्या सोबत आहे.

सराव बंद करायची गरज नसते, ताप किंवा अंगदुखी असेल तरच विश्रांती. पण एक भाग कटाक्षाने गाळायचा. बऱ्याच छीगोंग प्रकारांत शेवटी तळवे एकमेकांवर घासून गरम करतात आणि चेहऱ्यावरून, डोळ्यांवरून फिरवतात, कोरड्या हातांनी तोंड धुतल्यासारखे. फोड असताना तेच हात ओठावरून डोळ्यावर गेले तर विषाणू बुबुळापर्यंत पोचू शकतो, आणि त्याने नजरेला कायमची इजा होऊ शकते. त्या दिवसांत शेवट हात ओटीपोटावर ठेवून करावा. ओठाला चुकून हात लागला तर साबणाने धुवावा.

डोळा लाल होऊन दुखू लागला, फोड दोन आठवड्यांत गेले नाहीत, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असली किंवा घरात तान्हं मूल असलं तर डॉक्टरांना दाखवायला वेळ लावू नये. तान्ह्याची पापी खपली पडेपर्यंत नाही म्हणजे नाही. नवजात बाळाला हा संसर्ग जिवावर बेतू शकतो.

बागेतल्या गटात सरावानंतर एकाच ग्लासातून पाणी किंवा काढा फिरतो तिथे आपला पेला वेगळा आणावा. घाम पुसायचा नॅपकिन कुणाला देऊ नये. डबीतला लिप बाम बोट बुडवून लावायची सवय असेल तर फोडाच्या दिवसांत वापरलेली डबी नंतर टाकून द्यावी, पुढच्या वेळी नळीतला घ्यावा.