तुम्ही विचारलंत म्हणून : ऊस ओढणारा ड्रायव्हर कायम होतो का?

कारखान्याचा पट्टा पडायची, म्हणजे गाळप हंगाम संपायची वेळ आली की हा प्रश्न येतोच. चार-पाच हंगाम एकाच कारखान्याला ऊस ओढला, गेटवरचे सगळे नावाने ओळखतात, मग कारखाना कायम करेल का? विचारणारा स्वतः ड्रायव्हर क्वचित असतो. वडील विचारतात, बायको विचारते, सोयरीक घेऊन आलेली माणसं विचारतात. सगळ्यांना उत्तर एका शब्दात हवं असतं. एका शब्दात सांगायचं तर नाही. पण या ‘नाही’चा अर्थ लोक ‘याला कायम नोकरी कुठेच लागणार नाही’ असा घेतात, आणि तसं अजिबात नाही. म्हणून एकदा सविस्तर सांगून टाकतो.

आधी हजेरीपट कुणाचा ते बघा. कारखान्याचा करार असतो वाहतूकदाराशी, म्हणजे गाडीमालकाशी. ड्रायव्हर मालकाचा माणूस. फडात ज्याच्याकडून चिठ्ठी घ्यायची तो चिटबॉय कारखान्याच्या शेती खात्याचा, काट्यावर वजन करणारा कारखान्याचा, ऊस टाकायच्या गव्हाणीवरचा क्रेनवाला कारखान्याचा. यांच्यातले काही हंगामी कायम असतात. हंगाम संपल्यावर त्यांना बसल्या काळाचा भत्ता मिळतो आणि पुढच्या गाळपाला बोलावणं येतं. ड्रायव्हर याच लोकांबरोबर रात्रंदिवस उभा असतो, म्हणून घरच्यांना तोही त्यांच्यातलाच वाटतो. पण कारखान्याच्या कागदावर त्याचं नाव नसतं, गाडीचा नंबर असतो. दहा हंगाम ओढलात तरी कागदावर गाडीचेच हंगाम वाढतात.

मग कुणीतरी ‘२४० दिवस भरले की कायम’ असं सांगतं. हा आकडा दोन ठिकाणांहून आला आहे आणि दोन्हींची सरमिसळ होते. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मध्ये वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला काढताना नोटीस आणि भरपाई द्यावी लागे. कायम करा असं तो कायदा म्हणत नव्हता. कायम करण्याची भाषा होती मुंबईच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या अटींच्या नमुना नियमांत: बारा महिन्यांत २४० दिवस, आणि हंगामी उद्योग असेल तर १९० दिवस अखंड सेवा भरली की बदली किंवा तात्पुरत्या कामगाराला लेखी आदेशाने कायम करायचं. आता हिशोब करा. दिवाळीच्या आसपास मोळी पडते, म्हणजे गाळप सुरू होतं, आणि बहुतेक कारखाने चार-पाच महिन्यांत उरकतात. १९० दिवस भरणार कधी? आणि भरलेच, तर ते मालकाकडे भरले, कारखान्याकडे नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या. त्यांत ठरावीक मुदतीच्या नोकरीला मान्यता आहे आणि अशा कामगाराला वर्षभराच्या सेवेवर ग्रॅच्युइटीही आहे, पण मुदत संपली की ती नोकरी संपते. सरकारी खात्यातल्या कंत्राटी ड्रायव्हरांनाही हेच सांगावं लागतं. उमादेवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २००६ रोजी स्पष्ट केलं की नियमित भरतीची रीत टाळून आलेल्याला केवळ वर्षं मोजून कायम होण्याचा हक्क मिळत नाही.

या सगळ्यामुळे पूर्वी माझा सल्ला एकच असे: ऊस सोडा, बारमाही गाडीवर जा, हंगाम म्हणजे वर्ष वाया. त्यावर लोक उलट विचारत, ‘बारमाही गाडीवर घ्यायला कोण बसलंय?’ त्यांचं म्हणणं खरं होतं. पण सल्लाही मी पूर्ण सोडलेला नाही. का, ते एका चाचणीवरून सांगतो, कारण खरा निकाल तिथे लागतो. कायद्याच्या पुस्तकात तो सापडत नाही.

एका वाहतूक कंपनीच्या यार्डात उसाचा जुना ड्रायव्हर चाचणीला आला. दहाचाकी गाडीवर हयात गेलेला माणूस. परीक्षक म्हणाला, ‘गाडी बघून घ्या.’ त्याने दोन टायरांना लाथ मारली आणि वर चढून बसला. खरं तर तिथेच अर्धे गुण गेले. अपेक्षा अशी होती: गाडीला पूर्ण फेरी मारायची. टायरच्या आतल्या जोडीत दगड अडकलाय का, नट ढिले आहेत का, गाडीखाली तेल किंवा पाणी टपकतंय का, मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर धड आहेत का, हे पाहायचं. मग इंजिन ऑइल आणि कूलंट. इंजिन चालू करून हवा पूर्ण भरू द्यायची, बंद करून ब्रेक दाबून धरायचा आणि प्रेशरचा काटा उतरतोय का ते पाहायचं. शेवटी आरसी, विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी यांच्या तारखा. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांचं काम.

नंतर रस्त्यावर. गिअर सुरेख पडत होते, हात हलका होता. पण सीटबेल्ट सांगितल्यावर लावला. डावा पाय सतत क्लचवर टेकलेला. उतार आला तशी गाडी न्यूट्रलला टाकली. डिझेल वाचतं या समजुतीने हे करतात. आजच्या इंजिनात गिअरमध्ये ठेवून पाय काढला तर उतारावर डिझेलचा पुरवठाच तुटतो. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं. शिवाय इंजिनाचा आणि एक्झॉस्टचा ब्रेक हातचा जातो आणि सगळा भार चाकाच्या ब्रेक-ड्रमवर येतो. भरलेल्या गाडीचे ब्रेक घाटात तापून निकामी होतात ते असेच. परीक्षकाने काही न बोलता कागदावर खूण केली.

शेवटी गाडी मागे घेऊन माल चढवायच्या धक्क्याला लावायची होती. त्याने सवयीने किन्नरला, म्हणजे गाडीवरच्या क्लीनरला हाक मारली. किन्नर नव्हता. मग दार उघडून, अर्धं अंग बाहेर काढून त्याने गाडी मागे घेतली आणि एका दमात वीतभर अंतरावर सरळ लावली. बघणाऱ्यांनी मान डोलावली. परीक्षकाने शून्य दिलं. कंपनीची रीत वेगळी: आधी उतरून मागची जागा डोळ्यांनी पाहायची, दार बंद ठेवायचं, दोन्ही आरशांवर गाडी घ्यायची, शंका आली की थांबून पुन्हा उतरायचं. किती वेळा उतरलात याचे गुण कापले जात नाहीत. न उतरल्याचे कापले जातात. कारण यार्डातली बरीचशी नुकसानी रिव्हर्समध्ये होते, आणि मागे माणूस उभा असला तर ती नुसतीच पत्र्याची राहत नाही.

त्याला नाकारलं. ओल्या फडातून वीस टन ऊस घेऊन गाडी बाहेर काढणं त्या परीक्षकाला जमलं असतं का, असं मला विचाराल तर बहुधा नसतं जमलं. त्या चाचणीत चिखल नव्हता, ट्रॉल्यांच्या गर्दीतला रात्रीचा अरुंद रस्ता नव्हता. ती अर्धवटच होती. पण अन्यायाची होती असं मी म्हणणार नाही. जे तपासलं ते शिकता येण्याजोगं होतं, आणि तेही हंगामातच. केन यार्डात, म्हणजे कारखान्याच्या ऊस-गाड्यांच्या तळावर, नंबर लागेपर्यंत गाडी तासन्‌तास उभी असते. रोज एक फेरी गाडीभोवती मारायची, हवेचा काटा पाहायचा, किन्नरला खाली उभं करून पण त्याच्याकडे न बघता आरशांवर गाडी मागे घ्यायची. महिनाभरात अंगवळणी पडतं.

चाचणीपेक्षा वाईट खोडा म्हणजे परवान्यावरचं निलंबन. मालवाहू गाडीत जादा भार किंवा माणसं भरली तर परवाना किमान तीन महिने निलंबित करावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना दिले. उसावर बसून येणारी ऊसतोडीची टोळी आणि ठासून भरलेली गाडी, दोन्ही यात बसतात. दहाचाकी गाडीचं एकूण वजन २८.५ टनांच्या आत हवं. रिकामी गाडी नऊ-दहा टन धरली तर ऊस अठरा-एकोणीस टन. आणि इथे एक पेच आहे. अनुभवाचा पुरावा म्हणून ड्रायव्हर काट्याच्या पावत्या जपून ठेवतो, आणि त्याच पावत्यांवर पंचवीस टन निव्वळ लिहिलेलं असतं. मुलाखतीत त्या टेबलावर ठेवू नका. जादा भाराचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक टनाला २,००० असतो, तो मालक भरेलही. परवान्यावरचा शेरा मात्र ड्रायव्हरच्या नावावर राहतो. ‘मालक ऐकत नाही’ हे मला माहीत आहे, आणि त्यावर माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही.

आता कायम नोकरीकडे खरंच जाणारी वाट. ती बरेचदा त्याच कारखान्याच्या आवारात असते. ऊस संपतो, पण साखरेचा उठाव वर्षभर चालतो, आणि डिस्टिलरी असेल तर इथेनॉलचे टँकर तेल कंपन्यांच्या डेपोकडे जात राहतात. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायला लागल्यापासून हे काम वाढलं आहे. इथेनॉल ज्वलनशील, यूएन क्रमांक ११७०, म्हणून साधा अवजड परवाना पुरत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ९ प्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेत तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्यायचं आणि आरटीओकडून परवान्यावर तशी नोंद करून घ्यायची. एका भारतीय भाषेबरोबर इंग्रजीही वाचता-लिहिता आली पाहिजे, कारण अपघातात काय करायचं ते सांगणारं ट्रेम कार्ड ड्रायव्हरने स्वतः वाचायचं असतं. २०१९ मध्ये परवान्यासाठीची आठवी पासची अट गेली, त्यामुळे ‘शिक्षण लागत नाही’ असं ऐकून लोक इथे येतात आणि अडकतात. साधा ट्रान्सपोर्ट परवाना पाच वर्षांचा, घातक मालाचा तीन वर्षांचा आणि नूतनीकरणाला उजळणी प्रशिक्षण सक्तीचं. टँकरही बहुधा ठेकेदाराचेच असतात, हे आधीच सांगतो. फरक इतका की काम बारमाही असतं, आणि तेल कंपन्यांच्या डेपोत ड्रायव्हरचे कागद तपासल्याशिवाय टँकर आत घेत नाहीत, त्यामुळे ठेकेदाराला ड्रायव्हर कागदावर ठेवावा लागतो.

कागद मालकाकडून मागायचा तो हिशोबाच्या आधी. शेवटच्या पंधरवड्याचं बिल आणि डिपॉझिट हातात पडल्यावर मालक फोन उचलत नाही. पत्रात गाडीचा नंबर, प्रकार, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कुठल्या कारखान्याला, अपघात झाला नाही हे वाक्य, सही आणि मोबाइल नंबर. पगाराचा निदान काही भाग बँकेत घ्या, सगळा रोखीत घेतलात तर पुरावा शून्य. मालकाकडे वीस माणसं असतील तर पीएफ लागू होतो. पीएफचा यूएएन क्रमांक एकदा निघाला की पुढच्या ठिकाणी तोच चालतो आणि नोकरीच्या तारखा आपोआप दिसतात. गाडीवरची ई-चलनं मालकाच्या नावे येतात, तरी तुमच्या काळातली कोणती ते लिहून ठेवा.

राहिला उचलीचा, म्हणजे आगाऊ पैशांचा प्रश्न, आणि माझं मन इथे अजून दोन्हीकडे जातं. उन्हाळ्यात मालक पुढच्या हंगामाची उचल देऊ करतो. घेतली तर पावसाळ्यात टँकरची जागा निघाली तरी सोडून जाता येत नाही. न घेतली तर मधले महिने घर कसं चालवायचं, हे विचारणाऱ्याला मी काय सांगू? घ्यायचीच तर कमी घ्या, कागदावर घ्या, आणि परत फेडून मोकळं होण्याची तारीख त्याच कागदावर लिहून घ्या.